कावळ्याने नेमलेला पुढारी

माझ्याकडे एकच भाषण आहे, ‘थोरांचे नेतृत्वगुण’. शहरातल्या द्वारका चौकाजवळ एका खोलीत मी व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग घेतो आणि कॉलेजं, पतसंस्था, महिला मंडळं, जिथे बोलावतील तिथे हेच भाषण करतो. सामना हातचा जात असताना कपाळाला आठी न घालणारा कप्तान, जवान जेवल्याशिवाय ताटावर न बसणारा सेनापती, मोहीम फसली की दोष स्वतःकडे घेणारा शास्त्रज्ञ, कामगारांच्या रांगेत ताट धरून उभा राहणारा उद्योगपती. चाळीस मिनिटं चालतं. दोन ठिकाणी टाळ्या येतात, नाही आल्या तर मी थांबून त्या घेतो.

हे भाषण मी माझ्या काकांच्या दशक्रियेला केलं, याची मला अजून लाज वाटते.

काका शहराबाहेर नदीकाठच्या आमच्या गावात मेथी-कोथिंबीर पिकवायचे. गावातल्या वीस-बावीस घरांचा भाजीपाला रोज दुपारी एकाच टेम्पोतून मार्केटला जायचा आणि तो टेम्पो काका लावायचे. कुणाच्या जुड्या खाली, कुणाच्या वर, आज कुणी थांबायचं, हे तेच ठरवायचे. शेवटी ‘चला’ म्हणायचे आणि टेम्पो निघायचा. ते गेल्यापासून तो एकदाही वेळेवर निघाला नव्हता. जुड्या खाली कुणाच्या दबायच्या यावरून दोन सख्ख्या भावांनी बोलणं टाकलं होतं.

आमच्याकडे दशक्रियेला माइक असतो. पुढारी येतात, श्रद्धांजली वाहतात, जाताना दोन हात जोडून मतदारांकडे बघतात. त्या दिवशीचे पुढारी द्वारकेच्या ट्रॅफिकमध्ये अडकले, म्हणून चुलतभावाने माइक माझ्या हातात दिला. कावळा शिवेपर्यंत बोल, म्हणाला.

पिंड घाटाच्या कट्ट्यावर मांडला होता. कावळा शिवला की गेलेल्या माणसाची इच्छा मागे उरली नाही असं धरतात आणि मगच जेवणं होतात. काकूंनी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं आणि त्यांना शुगर आहे. समोरच्या पत्र्यावर नऊ कावळे बसले होते. मी सेनापतीपर्यंत आलो तेव्हा सात उरले. उद्योगपतीला हात घातला तेव्हा चार.

मग नवस-कबुलीला सुरुवात झाली. चुलतभाऊ पुढे होऊन म्हणाला की मळा विकणार नाही. कावळे हलले नाहीत. जावयांनी तंबाखू सोडल्याचं जाहीर केलं, त्यावर ते तंबाखू खातात हे त्यांच्या बायकोला कळलं आणि तिकडे वेगळंच सुरू झालं. सरपंचांनी घाटाला शेड बांधून देण्याचा शब्द दिला, तेव्हा एक कावळा उडून गेला. आत्याने काकांच्या आवडीचा भेळभत्ता पिंडाशेजारी ठेवला, तो कुत्र्याने खाल्ला. बोलणं टाकलेले दोघे भाऊ शेजारी उभे राहून, एकमेकांकडे न बघता, कावळ्याला हात जोडत होते.

गुरुजींच्या मागे दुसरी दशक्रिया खोळंबली होती. त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावू, तोही शास्त्रात चालतो, असं सुचवलं. काकूंनी मान हलवली. गवताच्या कावळ्याला आमचे हे कधी मानायचे नाहीत, म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मी फार घाबरलो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “लय वेळ बोलला तू. आता कबूल काय करतो ते सांग.”

तेव्हा मला आठवलं. सहा वर्षांपूर्वी काका माझं भाषण ऐकायला शहरात आले होते. पहिल्या रांगेत बसले आणि कप्तानापाशीच झोपले. नंतर बाहेर चहा पिताना म्हणाले होते, “चांगलं बोलतो. पन यातला एकबी गडी आपल्या टेम्पोवर आलेला नाय. एक दिवस तू ये, मग बोलू.” मी येतो म्हणालो होतो. गेलो मात्र कधीच नाही. दर वेळी कुठे ना कुठे कुणाला तरी नेतृत्व शिकवायचं असायचं.

माइक खाली ठेवून मी पिंडापुढे हात जोडले आणि म्हणालो, “काका, उद्या टेम्पोवर येतो.”

कावळा आला. तोंडभर भात घेऊन पत्र्यावर गेला. बायका रडल्या, काकूंनी पाणी घेतलं आणि माझ्या जिवात जीव आला.

पण जेवणाच्या पंगतीतच भावकीने निकाल लावला. कावळा मळ्याला शिवला नाही, शेडला शिवला नाही, मला शिवला, तेव्हा टेम्पो मीच लावायचा. मी वर्ग आहेत म्हणालो, मला जुडी धरता येत नाही म्हणालो. कुणी ऐकेना. न बोलणारे दोघे भाऊसुद्धा एका सुरात बोलले, की मानसानं निवडलं असतं तर भांडलो असतो.

दुसऱ्या दिवशी तीनला मी पोचलो आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसलो. तिथून मला उठवण्यात आलं. ती जागा गुडघे दुखणाऱ्या एका म्हातारीची होती. काका मागे, जुड्यांपाशी उभे राहायचे. मी मागे गेलो. सगळ्या जुड्या चढल्या, सगळे माझ्याकडे बघत राहिले. शेवटी ‘चला’ म्हणालो आणि टेम्पो निघाला. मी खालीच उभा होतो. म्हणायच्या आधी चढायचं असतं, हे माझ्या एकाही थोराने सांगितलं नव्हतं.

धावत जाऊन लोंबकळलो, कुणीतरी कॉलरला धरून वर ओढलं.

संध्याकाळी काकूंकडे गेलो आणि खरं ते बोलून टाकलं. कावळा यावा, तुम्ही दोन घास खावेत आणि माझी सुटका व्हावी, एवढ्यासाठीच मी ते कबूल केलं होतं. माझ्यात भाषणातल्या थोरांचा एकही गुण नाही.

काकू मेथी निवडत होत्या. “त्यांच्यात तरी कुठं होता? पहिल्या दिवशी सगळे भांडत बसले होते, अन् ह्यांना भूक लागली होती. घरी यायचं म्हनून म्हनले, चला.”

मग त्यांनी माझ्यापुढे ताट ठेवलं.