केटल बेच्या ग्रुपवर जनावरं शिरली त्याची गोष्ट

टास्मानियातल्या आमच्या केटल बे गावात बेरिल ट्रँटरने आयुष्यभर शाळेची बस चालवली. मागच्या बाकावरचे दंगेखोर ती नुसतं आरशातून बघून गप्प करायची. निवृत्त झाल्यावर गावाचा इंटरनेटवरचा ग्रुप तिच्या गळ्यात पडला, आणि तिथे तिची गाठ क्लिफ पॅस्कोशी पडली.

क्लिफच्या तोंडात तीळ भिजत नसे आणि बोटांना तर उसंतच नव्हती. "पुलावर गाय आहे." "अजून आहे." "बसली." "गेली वाटतं." "नाही, झाडामागे होती." या गदारोळात फेरीबोट रद्द झाल्याची सूचना बुडाली आणि अर्धं गाव धक्क्यावर ताटकळलं.

बेरिलने फर्मान काढलं: माणशी दिवसाला दोनच पोस्ट.

ग्रुप निवांत झाला. पण लवकरच क्लिफची बायको नॉरीन गरम स्कोन पाव घेऊन बेरिलच्या दारात.

"बेरिल, तुझ्या पाया पडते, त्याला लिहू दे."

"का गं?"

"अगं, जगाला सांगायचा ते सगळं आता मला सांगतो! मी न्हाणीघरात असले तर दाराबाहेर उभा राहून सांगतो!"

बेरिलला हसू आवरेना. "पण एकाला सूट दिली तर बाकीचे डोक्यावर बसतील."

"माणशी दोन ना? मग आमच्या कुत्र्याचं काय?"

बेरिल स्कोन चावता चावता थांबली. फर्मानात कुत्रा नव्हता.

दुसऱ्या सकाळी क्लिफचा म्हातारा कुत्रा पुडिंग ग्रुपवर अवतरला. "गाय दिसली. मी भुंकलो. तिने ढुंकूनही पाहिलं नाही." क्लिफच्या नावाने बोटं मोडणारं गाव हसून लोटपोट झालं. मग काय, डॉक्टरीणबाईंचं मांजर आलं, बेकरीवाल्याची शेळी आली, पाद्रीबाबांचा पोपट तर प्रवचनंच झोडू लागला. शेळीची आणि मांजराची अशी जुंपली की ग्रुप पहिल्यापेक्षा दुप्पट तुंबला.

"जनावरांनी फक्त रविवारी बोलायचं!" बेरिलने खडसावलं. कुणी ढिम्म हललं नाही. शेळीने तेवढं खाली विचारलं, "ही कोण?"

बेरिल दिवसभर धुमसत होती. संध्याकाळी अंडी काढायला खुराड्यात वाकली, तर सगळ्यात खाष्ट कोंबडी, ग्लॅडिस, तिच्याकडे रोखून बघत होती. बेरिलने तिथेच तिचा फोटो काढला आणि खाली लिहिलं, "मी ग्लॅडिस. रविवार सोडून जो बोलेल त्याला टोचीन."

ग्रुप चिडीचूप. पोपटसुद्धा.

आता पुडिंगने रविवारी काय बोलायचं याच विचारात क्लिफ आठवडाभर तोंड मिटून बसतो, आणि नॉरीन आरामात विणकाम करते. परवा दुकानात त्याने बेरिलला हळूच बाजूला घेतलं.

"ग्लॅडिसबाई पुडिंगवर रागावल्यात का गं?"

बेरिलने चेहऱ्यावरची सुरकुती हलू दिली नाही.

"जरा आहेत. मी बोलून बघते."