पाचवा पांडव

माझ्या बीदरच्या घरी काचेच्या कपाटात एक हिरवा जॅस्पर होता. मुठीएवढा, आरशासारखा पॉलिश केलेला, मधून तांबडी शीर गेलेली. त्याला कुणी नुसता दगड म्हटलं की माझं डोकं फिरायचं. दिवाळीत गावाकडची मंडळी येऊन गेली आणि तो नाहीसा झाला.

वेळ अमावास्येला, म्हणजे शेतात पूजा मांडायच्या आमच्याकडच्या सणाला, गावी संतपूरच्या शेतात गेलो. कडब्याच्या कोपीत पाच पांडव म्हणून पाच दगड चुन्यानं रंगवून पूजेला मांडले होते. गुळगुळीत दगडावर चुना कुठला टिकतो? पाचव्याचा पोपडा निघाला होता आणि आतून माझा जॅस्पर चमकत होता!

"आण्णा, माझा दगूड कामून उचललास?" मी थोरल्या भावावर शिवारभर ऐकू जाईल असा ओरडलो.

आंबिलीचं मडकं खाली ठेवत तो म्हणाला, "कपाटात रिकामाच बसला व्हता की. न्यायचा तर ने. पर पूजा झालीय, तूच उचल."

देवधर्माला आयुष्यभर नावं ठेवणारा मी. तरातरा गेलो, वाकलो, हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला.

आता दरवर्षी भाऊ त्याला नव्यानं चुना लावतो, आणि मी दात-ओठ खात त्याच्यापुढं हात जोडतो.