रेखाची पापणी

मेडशीच्या फाट्यावर एसटी आली तेव्हा माझी सून रेखा ओढणीत तोंड झाकून माझ्यामागं उभी होती. मोहाची फुलं वेचताना अस्वलानं तिचं नाक, ओठ, गाल ओरबाडून नेले होते. लेक शेत अन् नातवाला सांभाळायला मागं राहिला. "माय, लवकर ये," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, "सोयाबीन निघाच्या आत येतो, पाह्य." गावातल्या बायांनो, त्यानंतर किती सोयाबीन निघाले, ते तुम्हीच मोजा.

हैदराबादेत दवाखान्याजवळ खोली घेतली. मरण पावलेल्या एका बाईचा चेहरा तिच्या घरच्यांनी दिला, तो डॉक्टरांनी रेखाला लावला. तुम्हाला वाटलं, झालं, आता येतील. मलाही तेच वाटलं होतं. पण अंगानं तो चेहरा परका समजून टाकू नये म्हणून जन्मभराच्या गोळ्या. अन् डावी खालची पापणी लोंबतच राहिली. झोपेतही डोळा उघडा. रात्री तिच्याकडं तोंड करूनच झोपायची, उठून थेंब टाकायची, पट्टी लावायची, तरी बुबुळ कोरडं पडायला लागलं. रिव्हिजन, म्हणजे दुरुस्तीचं ऑपरेशन करून पापणी ताणून बसवली नाही तर डोळा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी माझी मोठी जाऊ शांताबाई गावाहून आली. मी उठेपर्यंत तिनं रेखाच्या गालांवरून दोन्ही हात फिरवले अन् आपल्या कानशिलावर कडाकड बोटं मोडली. आलाबला घेतल्याशिवाय आपल्याकडच्या बाईला भेट झाल्यासारखी वाटतच नाही.

"जाऊबाई, हात तरी धुतले का?"

"लय शयरातली झाली व तू! सुनेले हात लावाले आता डॉक्टरची चिठ्ठी आणू का?"

थोड्या वेळात रेखाचे गाल लालबुंद झाले. डॉक्टरांनी ऑपरेशन थांबवलं. अंग चेहरा नाकारत असेल, तर डोळाच काय, अख्खा चेहराच जायचा. बायोप्सीला गालाचा बारीक तुकडा घेतला. रेखा म्हणाली, "आत्याबाई, गाल जळून राह्यला."

डॉक्टर चमकले. त्या गालाला आजवर काही जाणवतच नव्हतं.

तेवढ्यात शांताबाई रडत पुढं आली. "गाडीत डोकं दुखे म्हून बाम चोळला होता. हात पदरालेच पुसले."

तरी रिपोर्ट येईपर्यंत आम्ही तिघी बाकावरच बसून राहिलो. रिपोर्ट चांगला आला. लाली बामाचीच होती. डॉक्टर रागावले, मग हसले. गालात जाणीव परत आली, हे बामामुळंच कळलं म्हणाले.

लाली उतरल्यावर ऑपरेशन झालं. ते होईस्तोवर शांताबाई हात मांडीखाली दाबून बसली होती.

लेक फोनवर विचारतो, "माय, घरी कधी येता?" येऊ रे बाबा, पण तपासण्या संपायच्या नाहीत, तेव्हा पाहुण्यासारख्याच येऊ. आधी वाटे, घर म्हणजे आपण जिथून निघालो ते. काल दुपारी या भाड्याच्या खोलीत रेखा जेवून आडवी झाली, अन् तिच्या पापणीला पापणी लागली. पट्टी नाही, काही नाही. मी बराच वेळ बघत बसले. मग तिच्याकडं पाठ केली अन् झोपले. कित्येक वर्षांत मला तिच्याकडं पाठ करून झोपता आलं नव्हतं. घर म्हणजे आता मला एवढंच कळतं.