यादीत नसलेली धुरपता

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गावातले पहिले पेशंट निघाले ते पुंडलिकराव. चौकात त्यांचं किराणा दुकान आणि मागं मोठं घर. अर्धं गाव त्यांच्याच दुकानातून तेल-मीठ न्यायचं. त्यांच्या चाचणीचा निकाल आरोग्य केंद्रात आला आणि तिथून फोन ज्योत्स्नाला.

ज्योत्स्ना गावची आशा सेविका. राहायला बौद्धपुऱ्यात, नवरा देवळीला जिनिंगमध्ये. अकरा वर्षांत तिनं शे-दीडशे बाया बाळंतपणाला दवाखान्यात पोचवल्या होत्या. आता काम वेगळं होतं: पुंडलिकराव गेल्या पाच दिवसांत कोणाकोणाला भेटले, त्यांची नावं लिहायची आणि त्यांना शाळेत तपासणीला आणायचं.

"मी कोणाले भेटणार? दुकान आन् घर," पुंडलिकराव खिडकीआडून खोकत म्हणाले.

"काकाजी, रविवारी प्रेरणाचं साक्षगंध झालं ना?"

"घरच्या घरी झालं ते. तू काही लिहू नको. पाहुण्याइच्या घरी फोन गेला तं मायी पोरीची सोयरीक मोडन."

नावं दिली ती त्यांच्या बायकोनं, शोभाबाईनं. तिचा भाऊही तापानं फणफणला होता, म्हणून घाबरली होती. मागच्या दारात उभं राहून तिनं हळू आवाजात साखरपुड्याला आलेली अडतीस माणसं सांगितली. एकोणचाळिसावी तिला आठवली नाही. भांडी घासणारी कोणाला आठवते?

ज्योत्स्नाला आठवली. धुरपता तिच्याच पुऱ्यातली, नात्यानं मावससासू. ज्योत्स्ना गेली तेव्हा ती आपल्या दारातच बसली होती.

"घासले न भांडे, लपवत नाई," धुरपता म्हणाली. "पण नाव नको लिहू माय. मले काहीच होऊन नाई राह्यलं. चवदा दिवस बसून राह्यलो तं मंग कामाले कोण बोलवन? आन् मायं एकटीचंच नाई. साऱ्या पुऱ्याले दारं लावतीन."

हे खोटं नव्हतं. आदल्या वर्षी पुऱ्यात पुण्याहून एक पोरगा परत आला, तर गावानं दोन महिने इथल्या एकाही बाईला वावरात पाय ठेवू दिला नव्हता. पोराला साधी सर्दीही नव्हती. ज्योत्स्नानं धुरपताच्या बोटाला ऑक्सिमीटर लावलं. सत्त्याण्णव.

"चार दिवस कुठी जाऊ नको मावशी. जरा काही वाटलं की मले सांगजो."

"सांगतो न."

ज्योत्स्नानं पेनाचं टोपण लावलं.

अडतीसपैकी बावीस जण शाळेत आले, नऊ पॉझिटिव्ह निघाले. बाकीचे दाराला कडी घालून बसले. गुरुवारी प्रेरणाची सोयरीक मोडली. शोभाबाईनं नळावर चारचौघींत सांगितलं, की ज्योत्स्नानं मनानंच नावं रचली. ज्योत्स्ना तिथंच उभी होती. तिनं एकवार शोभाबाईकडं पाहिलं आणि पाण्याचा गुंड उचलून घरी आली. मागच्या दारातली गोष्ट तिनं कोणाला सांगितली नाही. पुंडलिकरावांच्या दुकानातून तिला साबणाची वडीही मिळेना.

तिकडं धुरपता पाचव्या दिवशी वावरात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या वेचायला गेली. ताप आला तोही तिनं गिळला. ज्योत्स्ना दारावरून गेली की आतून ठणठणीत आवाजात म्हणायची, "बरी आहो वं!" दहाव्या दिवशी भर दुपारी तिचा पोरगा निकेश धावत आला. ऑक्सिमीटरवर आकडा एकाहत्तर. अँब्युलन्स दोन तासांनी येईल म्हणाले, म्हणून ऑटोत घातली. वर्धा चार किलोमीटर राहिलं असताना तिनं ज्योत्स्नाच्या मांडीवर मान टाकली. ऑटो तिथूनच माघारी वळला. कागदावर नोंद झाली: दम लागून मृत्यू.

हिवाळ्यात सरकारनं कोरोनानं गेलेल्यांच्या घरच्यांना मदत जाहीर केली. निकेशनं अर्ज केला. आठ दिवसांनी तो ज्योत्स्नाच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"वयनी, चाचणीचा अहवाल मागून राह्यले. माया मायची चाचणी काऊन नाई झाली?"

ज्योत्स्नानं सगळं सांगितलं, काहीच राखलं नाही.

"मायनं म्हटलं तं म्हटलं," निकेश म्हणाला. "तिले काय समजते? तुले तं समजत होतं. तू काऊन आयकलं?"

दुसऱ्या दिवशी तिनं कागद घेतला आणि निकेशच्या अर्जासोबत जोडायला लिहिलं, की धुरपता साक्षगंधाच्या घरी कामाला होती, हे माहीत असून मी तिचं नाव यादीत घेतलं नाही. उपकेंद्राच्या सिस्टर अंजूताईंनी कपाळाला हात लावला.

"हे देशीन तं तुह्यावर शेकन. आन् त्याले मिळन काय? काहीच नाई."

"मालूम आहे."

तसंच झालं. अहवाल नाही म्हणून निकेशचा अर्ज परत आला आणि ज्योत्स्नाला नोटीस. काम तेवढं गेलं नाही, कारण तिच्या जागी यायला गावात कोणीच तयार नव्हतं. पण कागदातली गोष्ट चौकात पोचली. खणखणीत बरे झालेले पुंडलिकराव गिऱ्हाइकाला तोलून देताना सांगू लागले, "आमचे सारे लिहिले तिनं, आन् आपल्यावालीचं लपवलं." पुऱ्यातल्या बाया म्हणाल्या, लिहिलं असतं तर जगली असती. आमचं नाव लिहू नको म्हणून त्या दिवसांत आपापली माणसं घेऊन तिच्या दारी आलेल्याही त्याच होत्या. प्रेरणाचं लग्न पुढच्या वर्षी दुसरीकडं झालं, मोठा मांडव घालून.

निकेश बायकोला, काजलला, घेऊन जाम गावाला गेला आणि हायवेवरच्या एका धाब्यावर कामाला लागला. काजलला मुलगी झाल्याचं ज्योत्स्नाला परक्याकडून कळलं. तिनं झबली, टोपरं शिवलं, शेवेचे लाडू केले आणि दोन बस बदलून जामला पोचली.

"काजल झोपली आहे," निकेश म्हणाला. त्यांची खोली धाब्याच्या मागंच होती. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता, काजल त्याला उगी करत होती.

त्यानं ज्योत्स्नाला गिऱ्हाइकांच्या बाकावर बसवलं आणि चहा आणून ठेवला. पिशवीला हात लावला नाही. तिनं चहा संपवला, तेव्हा त्यानं फडक्यानं टेबल पुसलं आणि सगळ्यांना विचारायचा तसंच विचारलं, "अजून काही लागते?"

"नाई," ज्योत्स्ना म्हणाली, आणि पिशवी उचलून वर्ध्याच्या बसची वाट बघायला रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.