पुनावळ्यातला लांब सूर

आमच्या वाद्यसमूहाची सुरुवात कशी झाली ते लिहून दे, असं बाकीचे दोघं गेले काही महिने सांगत आहेत. दादा होता तोवर हे काम त्याचंच होतं. त्याला जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. सुरुवात म्हटलं की मला पुनावळ्यातली एक संध्याकाळच आठवते, म्हणून तीच लिहिते.

आम्ही चौघं होतो. माझा मोठा भाऊ चेलो, म्हणजे खर्जातलं मोठं व्हायोलिन, वाजवायचा आणि सगळ्या रचना त्याच्याच. रागातून निघालेल्या, पण पूर्ण लिहिलेल्या. एकाने रंगवायचं आणि बाकीच्यांनी साथ करायची, असं त्यांत नव्हतं. तबल्यावर त्याचा चाकणच्या कंपनीतला सोबती, मूळचा बीडकडचा. व्हायोलिनवर हिंजवडीत नोकरी करणारी एक मुलगी. हार्मोनियमवर मी. कंपनीची सुट्टी गुरुवारी, तिची शनिवार-रविवार. त्यामुळे दर गुरुवारी ती ऑफिसातून थेट थेरगावला आमच्या घरी यायची, पाठीवर लॅपटॉप आणि हातात व्हायोलिन.

दादा आणि तबलजी दोघंही कंपनीच्या प्रेस शॉपमधले, म्हणजे पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढतात तिथले. तिथे मशीनच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, सगळं हातांच्या खुणांवर चालतं. दादाने त्याच खुणा आमच्यात आणल्या. ज्याचा हात मोकळा असेल त्याने दाखवायच्या. तळहात वर म्हणजे आवाज चढवा, खाली म्हणजे उतरवा, मूठ म्हणजे बंद. मूठ दिसली की तबलजी हात असे मागे घ्यायचा, जसा काही वरून प्रेसच येतोय.

एका रचनेच्या शेवटी व्हायोलिनचा एकटीचा सूर होता. तारेवर बोट नुसतं टेकवून काढायचा, अगदी उंच आणि बारीक. तो सुरू होतो न होतो तोच दादा मूठ दाखवायचा.

“दादा, तुम्ही दर वेळी माझा सूर खाता.”

“वाजवतेस कुठे? गज नुसता फिरवतेस.”

“आता काय सांगायचं या माणसाला!”

“अगं, प्रेसवाल्याला टार्गेट असतं,” तबलजी म्हणायचा. “तुझा एक पीस बाहेर पडायच्या आत हा दुसरा आत घालणार.”

सगळे हसायचे. मला हसू यायचं नाही. स्वयंपाकघरात त्याच्याकडे पाठ करून मी हळू आवाजात काहीबाही विचारून बघायची. कधी उत्तर यायचं, कधी नाही. कंपनीत कानात बोळे घालतोस ना, असं विचारलं की “घालतो गं” म्हणून तो उठून जायचा. ज्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही त्याने समूहात बसू नये, हे त्याचंच वाक्य होतं. नवख्यांबद्दल म्हणायचा. त्याला स्वतःचं कळलं तर तो उठेल, आणि मग त्याच्याजवळ प्रेसशिवाय काही उरणार नाही, याची मला धास्ती होती.

पहिला कार्यक्रम पुनावळ्यात, एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये ठरला. रविवार होता. कंपनीतल्या दोघांनी सुट्टी बदलून घेतली होती. पडद्यामागे व्हायोलिनवाली माझ्या कानाशी आली.

“ताई, आज मी थांबणार नाहीये हं. एक मूठ दाखवू देत नाहीतर दोन.”

तिला सांगावं की काय? पण खात्री कुठे होती? मी तोंड उघडलं आणि बाहेर निवेदन सुरू झालं.

रचना चांगली झाली. मला मात्र तिच्या मधलं काही आठवत नाही, मी शेवटाकडेच डोळे लावून होते. चेलो थांबला. तबला थांबला. माझा भाता बंद झाला. तिचा सूर निघाला आणि दादाची मूठ वर आली.

ती वाजवत राहिली.

दादाने आधी रागाने पाहिलं. मग त्याची नजर तिच्या गजावर गेली. गज सरकत होता. त्याने समोर पाहिलं, लोक स्तब्ध बसले होते. मूठ हळूहळू सैल झाली. त्याने मान वळवली आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. सूर विरला तेव्हा मी मान खाली घातली. त्यावरून त्याला संपल्याचं कळलं.

परतताना रिक्षात चेलो आडवा, आम्ही दोघं कोपऱ्यात.

“वाजत होतं ना ते?”

मी त्याच्याकडे तोंड करून म्हटलं, “हो.”

“दर गुरुवारी?”

“हो.”

रिक्षा डांगे चौकात आली. आता म्हणेल, उठतो मी, असं मला वाटत होतं.

“कसा होता?” त्याने विचारलं.

“बारीक होता,” मी म्हटलं. “पण तुटला नाही. मागे एक बाई बाळाला थोपटत होती, ती थोपटायची थांबली.”

त्याने चेलोच्या पिशवीवरचा हात काढला, पुन्हा ठेवला.

“मग तिला सांग, अजून लांबव म्हणावं,” तो म्हणाला. “मी बघत बसेन.”