ईशान्येचा उतार

"पयले काड्या दखा, मंग कागद," असं म्हणत नाना चपला काढायचे आणि शेतात शिरायचे. बाभळीच्या बुंध्याला, बांधावरच्या काट्यांना मागच्या पावसात वाहून आलेल्या काड्या अडकलेल्या असत. पाणी कुठून आलं, किती चढलं, कुठे गेलं, हे नानांना त्यावरून कळायचं. मी नकाशाची गुंडाळी काखेत धरून बांधावर ताटकळत उभा असायचो.

शहाद्याच्या आसपास शेतांचे प्लॉट पडू लागले, तेव्हा मी ले-आउटचे नकाशे काढायचो आणि नाना सपाटीकरणाचे मुकादम होते. जेसीबीने कुठे खोदायचं, भराव कुठे टाकायचा, सगळं हाताच्या इशाऱ्यावर. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. शाळा चौथीपर्यंत, पण इंजिनिअरची बोलती बंद करणारी.

"नाना, मी मशीन लावून लेव्हल घेतलीय," असं एकदा मी चिडून म्हणालो.

"तुन्हं मशीन उन्हायामा उनं, भाऊ. मी आठे पावसायामा यी जायेल शे."

मशीन फक्त उन्हाळ्यात आलेलं, नाना इथे पावसाळ्यातही येऊन गेलेले. मी त्यांच्या डब्यातली कळण्याची भाकरी खाल्ली आणि लेव्हल परत घेतली. चूक माझीच निघाली, हे वेगळं सांगायला नको.

मग ते एक शेत आलं. त्याचा नैसर्गिक उतार नैऋत्येला, नाल्याकडे. पण मालकाला कुणीतरी सांगितलं होतं, की पाणी ईशान्येला गेलं तरच प्लॉट वास्तुशास्त्रात बसतात, नाहीतर गिऱ्हाईक पाठ फिरवतं. नैऋत्येला भराव टाकून सगळं शेतच उलटं कलवायचं ठरलं. आणि ईशान्येला, कुंपणाला लागून, नानांची गल्ली होती. मातीच्या भिंतींची घरं, त्यात नानांचंही.

"पानी मन्हाच घरमा घुसी, भाऊ," नाना म्हणाले.

मी नकाशा उघडून कुंपणालगतची गटाराची रेघ दाखवली. पावसाळ्याआधी गटार होईल आणि पाणी वळसा घालून नाल्यात जाईल, असं सांगितलं. खोटं सांगत नव्हतो. पण मालक गटाराचं काम पुढे ढकलतोय हे दिसत होतं, आणि मी त्याच्यापुढे तोंड उघडलं नाही. मला पुढची कामं हवी होती.

नानांनी काम सोडलं नाही. "दुसरा करी तर जास्ती बिघाडी," म्हणाले, आणि भर उन्हात उभं राहून उतार जमेल तितका सौम्य ठेवला. गल्लीतल्या बाया कुंपणातून बघत होत्या.

रस्ते काँक्रीटचे झाले, गटार मात्र झालंच नाही. काळ्या मातीत जिरणारं पाणी आता जिरेना. एका दुपारी तासभर पाऊस पडला, रोजच्यासारखाच, आणि गल्लीत मांडीएवढं पाणी शिरलं. कोठीतली दादर ज्वारी भिजली. नानांची मागची भिंत बसली.

दुसऱ्या दिवशी मी गेलो, तेव्हा गल्ली नानांच्या दारात जमली होती. मालकाचं नाव कुणीच घेत नव्हतं. जेसीबीपुढे हात हलवताना सगळ्यांनी नानांनाच पाहिलं होतं.

"नकाशा कोना व्हता?" कुणीतरी विचारलं.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

"माले म्हाईत नही."

मी गप्प राहिलो. मला आजही त्याची लाज वाटते.

त्यानंतर गल्लीत लग्न निघालं, तेव्हा नानांना बोलावणं आलं नाही. ओट्यावर कुणी बसेना. पुढच्या पावसाआधी त्यांनी घराला कुलूप लावलं आणि ते नवापूरला मुलीकडे गेले. जाताना मला कळवलंही नाही.

मग मात्र मी मालकाच्या मागे हात धुऊन लागलो आणि गटार करून घेतलं. यंदा गल्ली कोरडी राहिली. गल्लीत गेलो, तर एका आजींनी हाताला धरून घरात नेलं, खाटेवर गोधडी टाकली.

"तू गटार करी दिधी, भाऊ. देव तुन्हं भलं करो. त्या नानानी आम्हले बुडाई दिधं व्हतं."

नकाशा माझा होता, हे सांगायचंच म्हणून गेलो होतो. आजींनी कपबशी हातात दिली. मी चहा प्यायलो, त्यांच्या पाया पडलो आणि निघून आलो.