मांडीवरचा तुंबा

कोमुहांगीच्या हसण्याला लगाम नव्हता. दूरदेशी, गुराख्यांच्या न्याबुशोझीच्या माळावर नवरी माहेर सोडताना रडली नाही, तर लोक तिला निर्लज्ज म्हणतात. ही बया ऐन निघताना मामाची वाकडी टोपी बघून खुदकन हसली. नवरदेव कारीसाला तेच आवडलं आणि पुढं बरीच वर्षं दोघांचं छान चाललं.

मग एका सकाळी कारीसा दुधाचे कॅन मोटरसायकलला बांधून निघाला असताना लॉरीनं त्याला उडवलं. इस्पितळात हाडं सांधली, पण माणूस काही सावरला नाही. दूर रस्त्यावर हॉर्न वाजला तरी तो घामानं निथळायचा. झोप उडाली. हात कापायचे ते थांबेनातच.

आणि कापऱ्या हाताच्या माणसाला गाय जवळ करत नाही. बिहोगो ही त्याची लाडकी तांबडी गाय, पण त्याची बोटं लागली की ती पान्हा चोरायची. धारा काढायला गडी ठेवावा लागला. तिकडं धारा पुरुषानं काढायच्या नि घुसळायचं बाईनं, ही रीत. धार काढता येत नाही तो पुरुष गोठ्याच्या कुंपणाबाहेर उभा राहतो, पाहुण्यासारखा. कारीसा तसाच उभा राहायचा.

शेवटी त्याच्या आईनं, केकिरुंगानं, आतल्या खोलीत त्याच्या मांडीवर दह्यानं भरलेला तुंबा, लोणी काढायचा वाळक्या भोपळ्याचा बुधला, ठेवला आणि पुढं-मागं हलवत राहा म्हणाली. तो बिचकला. तेव्हा ती म्हणाली, "तुझा बाप लढाईवरून आला तेव्हा त्याच्याही मांडीवर हाच ठेवला होता. रडकं पोर झोक्यानं निवतं की नाही? तसंच आहे हे. दार लावून घे आणि घुसळ."

तो घुसळू लागला. तुंबा पुढं, तुंबा मागं, आत दही डुचमळतंय आणि त्याच्याबरोबर खांदे, पाठ, मान संथ हलतायत. आरोग्य केंद्रातल्या नर्सनंही मान डोलावली. घाबरलेल्या मज्जातंतूंना असा ताल मानवतो, सोडू नका, म्हणाली. हळूहळू त्याला झोप लागायला लागली. चमचा तोंडापर्यंत न सांडता जाऊ लागला. आणि एक दिवस बिहोगोनं पान्हा सोडला. थोडाच, पण सोडला. त्या दिवशी कोमुहांगी चुलीमागं जाऊन रडली होती.

इतकं सगळं ठाऊक असून तिनं पुढं जे केलं, त्याला काय म्हणावं!

शेजारची जोविया चारपाच बायकांना घेऊन लग्नाचं आमंत्रण द्यायला आली होती. वाऱ्यानं आतलं दार उघडलं. कारीसा डोळे मिटून, तुंबा मांडीवर घेऊन डुलत होता. सगळ्यांचे डोळे कोमुहांगीकडे वळले. लोक काय म्हणतील, एवढंच तिच्या डोक्यात आलं आणि ती खळखळून हसली. "आमच्याकडे नवी सून आली आहे, बरं का," ती म्हणाली. मग काय, घर हसण्यानं दणाणलं.

कारीसानं बूच नीट बसवलं, तुंबा कोपऱ्यात उभा केला आणि तो बाहेर गेला. जेवताना एवढंच बोलला, "त्या हसणारच होत्या गं. पण तू पहिली हसलीस."

त्यानंतर त्यानं तुंब्याला हात लावला नाही. कापरं परत आलं, झोप गेली, बिहोगो पुन्हा अंग चोरू लागली. कोमुहांगीनं हात जोडले, पाय धरले. तो रागावलाच नाही. राहू दे म्हणायचा. सासूही तिला शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. थेंबानं गेलेली हौदानं येत नाही म्हणतात, ते तिला आता घासागणिक आठवायचं. नवऱ्याच्या हातातली वाटी थरथरताना दिसली की आपणच ती हलवतोय असं तिला वाटायचं. बाईचं हसणं बंद झालं.

मग गोचिडांच्या औषधाची फवारणी निघाली. शेजारपाजार त्यांच्याच गोठ्यावर जमला होता. सगळ्यांदेखत कोमुहांगीनं लाकडी चरवी उचलली, कुंपणाच्या आत गेली आणि बिहोगोखाली उकिडवी बसली. पुरुषांच्या भुवया वर गेल्या. तिनं आचळाला हात घातला मात्र, गाईनं अशी लाथ झाडली की चरवी एकीकडे आणि ही शेणात.

माळ हसण्यानं फुटला. "वहिनी, आता मिशाही फुटतील हं," जोविया म्हणाली. कोमुहांगी शेणातच बसून नवऱ्याकडे बघत होती. हसा, तुम्हीही हसा एकदाचे, म्हणजे माझं त्या दिवशीचं हसणं फिटेल, असं तिचं मन म्हणत होतं.

कारीसा हसत नव्हता. तो आत आला आणि कापऱ्या हातानं त्यानं तिच्या गालावरचं शेण पुसलं.

"तुम्ही का नाही हसलात?" तिनं विचारलं.

"कसं लागतं ते मला माहीत आहे ना," तो म्हणाला.

तिला तिथंच रडू फुटलं. मग ती तशीच, शेणानं भरलेल्या लुगड्यानं, घरात गेली, तुंबा घेऊन आली आणि त्याच्यापुढं धरून उभी राहिली. तो कुंपणाला टेकून बसला आणि त्यानं तो मांडीवर घेतला. सगळ्यांचे डोळे पुन्हा कोमुहांगीकडे वळले. ती त्याच्या शेजारी खांद्याला खांदा लावून बसली आणि त्याच्याबरोबर पुढं-मागं डुलू लागली. कुणी हसलं नाही. जोविया गाईंकडे बघत राहिली.

आता बिहोगोच्या धारा कारीसाच काढतो आणि तुंबा दिवसाढवळ्या अंगणात हलतो. कोमुहांगीही पुन्हा हसायला लागली आहे. फक्त हसू आलं की ती आधी कारीसाकडे बघते, आणि मगच हसते.